आजारपणात न खचलेला, मनानं मोठा असा तुमचा एखादा मित्र होता का? त्याची कोणती आठवण सांगाल?

होता. पुण्यातला, बँकेत नोकरी करणारा आणि जीव सगळा कॅमेऱ्यात असलेला. किडनीच्या आजारानं गेला. त्याचं नाव इथे लिहीत नाही.

त्याचा एक हट्ट होता. ज्याचा फोटो काढला, त्याच्या हातात तो कागदावर छापून पोचलाच पाहिजे. त्याची आठवण सांगायची तर या हट्टाचीच सांगावी लागेल.

आषाढी वारीत कॅमेरे घेऊन येणाऱ्यांची गर्दी तुम्ही पाहिली असेल. दिवे घाटात तर रस्त्याच्या कडेला उभं राहायला जागा मिळत नाही. वारकरी आपल्याकडे बघून हसतात, हात जोडतात, पुढे जातात. त्यांचा फोटो पुढे कुठे गेला, हे त्यांना कधीच कळत नाही. हे त्याला फार लागायचं. माउलींच्या सोहळ्यात प्रत्येक दिंडीला क्रमांक असतो, रथापुढे अमुक, रथामागे अमुक, आणि चालायचा क्रमही ठरलेला. त्यानं याचाच उपयोग केला. फोटो काढला की खिशातल्या वहीत दिंडीचा क्रमांक, गाव आणि नाव टिपून घ्यायचा. पुढच्या आषाढात पालखी सासवडला मुक्कामाला आली की पिशवीभर पाकिटं घेऊन राहुट्यांमधून हिंडायचा. मराठवाड्यातल्या एका आजींनी फोटो हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, "आधार कार्डावरचा सोडला तर माझा एकलीचा फोटो ह्योच की रं बाबा." त्या वाक्यानंतर तर त्यानं वारीत गर्दीची दृश्यं टिपणं जवळजवळ सोडूनच दिलं. एकेका माणसाचे फोटो काढायला लागला.

त्याची नजरही या हट्टातूनच घडली होती, असं मला वाटतं. कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर समोरच्या सगळ्याला मधला करडा रंग समजतं. त्यामुळे पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी दिसली की ते फोटो काळवंडून टाकतं आणि टोपीखालचा उन्हानं रापलेला चेहरा अंधारात जातो. बाकीच्यांना ती काळी आकृती आणि मागचं आभाळ आवडायचं. हा मात्र एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, वाढवून आधी चेहरा धरायचा, मग आभाळ पांढरंफटक झालं तरी चालेल. "घरच्यांना ओळखू आला पाहिजे ना," म्हणायचा. कुठल्याही स्पर्धेत त्याला यासाठी बक्षीस मिळालं नाही आणि त्याला त्याचं काही वाटलंही नाही. निकॉन एफएम २ या रोलच्या कॅमेऱ्यावर शिकलेला माणूस. रोलमध्ये छत्तीसच फोटो, म्हणून प्रत्येक वेळी बटण दाबण्याआधी विचार करायची सवय. ती डिजिटल आल्यावरही गेली नाही.

रक्तदाब वाढलेला होता आणि तो बरीच वर्षं कुणाच्या लक्षातच आला नाही. उच्च रक्तदाब आतल्या आत किडन्या निकामी करत जातो, दुखत-खुपत काही नाही. पावलांवर सूज आली, तपासण्या झाल्या, तेव्हा क्रिएटिनिन, म्हणजे किडन्यांनी रक्तातून बाहेर टाकायचा कचरा, खूप वर गेलेलं होतं. डायलिसिस सुरू झालं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, दर वेळी चार तास.

डायलिसिससाठी हातातली धमनी शिरेला जोडून फिस्टुला करतात. सहसा ज्या हातानं आपण लिहीत नाही, त्या हातात. म्हणजे त्याच्या डाव्या हातात. त्या हातानं पुढे जड उचलायचं नाही, त्यावर दाब येऊ द्यायचा नाही. आता फोटो काढणाऱ्याला विचारा, डावा हात कशासाठी असतो! लेन्सचा सगळा भार त्याच हातावर असतो. मला वाटलं, आता हा कॅमेरा कपाटात ठेवणार. त्यानं फिस्टुलाच्या टाक्यांची जखम भरेपर्यंत वाट पाहिली, मग बायकोकडून जाड कापडाची पिशवी शिवून घेतली, तीत तांदूळ भरले, आणि होडीच्या काठावर ती ठेवून तिच्यावर लेन्स टेकवायला लागला.

होडी म्हणजे भिगवणची. उजनी धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात पट्टकादंब, चक्रवाक येतात, पाणी ओसरून उथळ झालं की रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. त्यानं वारही नीट ठरवला होता. शुक्रवारी डायलिसिस झालं की रात्री गाढ झोप आणि शनिवारी सकाळी अंगात थोडी ताकद. रविवार संपेपर्यंत अंगात पाणी साठून दम लागायचा, सोमवारची सकाळ सगळ्यांत वाईट. म्हणून भिगवण शनिवारीच. दिवसाला जेमतेम एक लिटर पाणी, चहा-आमटी-ताक सगळं धरून. मार्चच्या उन्हात, चहूबाजूंनी पाणी असताना, तो एका लहान बाटलीवर सकाळ काढायचा. जवळ थर्मासमध्ये बर्फाचे खडे असत, त्यातला एखादा तोंडात धरायचा. नारळपाणी बंद, केळी बंद, भाजीसुद्धा उकळून पाणी टाकून दिलेली. होडीवाल्याच्या घरी चिलापीचं कालवण व्हायचं, ते तो आम्हाला आग्रहानं वाढायचा आणि स्वतः डब्यातली पोळी खायचा. चेहऱ्यावर कुठेही बिचारेपणा नसायचा. हे बळ त्यानं कुठून आणलं, मला खरंच सांगता येणार नाही.

बायको किडनी द्यायला तयार होती, पण तपासणीत तिलाच मधुमेह निघाला. मग प्रतीक्षायादीत नाव घातलं. बोलावणं काही आलं नाही.

डायलिसिसचे चार तासही त्यानं वाया घालवले नाहीत. डाव्या हातात सुया, तो हलवायचा नाही. उजव्या हातानं पाकिटांवर नावं लिहायचा आणि शेजारी बसून पाकीट धरायचं काम माझं. मध्येच रक्तदाब उतरायचा, पायात गोळे यायचे, टेक्निशियन धावत यायचा. गोळे गेले की पुन्हा पेन मागायचा. शेजारच्या खाटेवर एक बाई यायच्या, त्यांना निराधार योजनेच्या अर्जासाठी फोटो हवा होता. यानं पुढच्या वेळी कॅमेरा आणला, सिस्टरांना विचारून खिडकीशी त्यांना बसवलं आणि फोटो काढला. अर्जापुरता एक काढून तो थांबला नाही. म्हणाला, "मावशी, आता पदर नीट घ्या, हा घरी लावायचा." नंतर तिथले बरेच जण सुया टोचायच्या आधी चांगले कपडे घालून त्याच्याकडून फोटो काढून घ्यायला लागले. सगळ्यांना प्रिंट, पैसे कुणाकडूनच नाहीत.

शेवटच्या हिवाळ्यात हृदय थकत चाललंय, हे त्याला डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. त्यानं शांतपणे सामान वाटायला घेतलं. मोठी लेन्स आणि बॉडी होडीवाल्याच्या मुलाला दिली. आमच्यातल्या एक-दोघांना ती हवी होती, तसं त्यांनी म्हटलंही. त्याचं उत्तर होतं, "तुम्ही वर्षातून चारदा जाणार, तो रोज पाण्यावर असतो." नुसती देऊन थांबला नाही. मीटर पांढऱ्या पक्ष्याला कसं फसतं, ते त्या मुलाला फोनवर पुन्हा पुन्हा समजावत राहिला. तो मुलगा आता पर्यटकांना पक्षी दाखवतो, आणि होडीत बसलेल्यांचे फोटो काढून न मागता पाठवून देतो.

मला त्यानं वही आणि न पोचलेली पाकिटं दिली. तेव्हापासून आषाढात सासवडला मी जातो. दिंडीचा क्रमांक लिहिलेला असल्यानं माणूस बहुतेक सापडतो. नाही सापडला किंवा राहिला नसेल, तर पाकीट दिंडीच्या विणेकऱ्यांकडे देतो. ते गावात गेल्यावर घरी पोचवतात. थोडी पाकिटं अजून बाकी आहेत.