अमेरिकेत ‘वापराल तेवढंच बिल’वाल्या स्वस्त कंपनीकडे जावं का? फोन पूर्ण किमतीला घेणं परवडतं का?

“दोघंच आहोत, दिवसभर घरच्या वायफायवर, तरी अनलिमिटेडचं बिल भरतोय” हे तुमचं वाक्य वाचलं आणि गप्प बसवेना. याच विषयावर आमच्या घरात २०१३ पासून खटला चालू आहे. वादी मी, प्रतिवादी मोठे दीर.

तेव्हा आम्ही भाऊजींच्या फॅमिली प्लॅनमध्ये होतो. दोन वर्षांचा करार आणि १९९ डॉलरला आयफोन. “साडेसहाशेचा फोन दोनशेत देतायत, सोडायचं कशाला?” असं भाऊजींचं म्हणणं. मी कागदावर मांडून दाखवलं. फरक ४५० चा, २४ महिन्यांत भागला की महिन्याला पावणेएकोणीस डॉलर, आणि ते बिलातच धरलेले. खरी मेख पुढे होती. दोन वर्षं संपली आणि नवा फोन घेतला नाही, तरी बिल तेवढंच यायचं. कर्ज फिटलं, हप्ता चालूच! यावर भाऊजी एवढंच म्हणाले, “तू फार हिशेबी आहेस हं.”

करार संपल्या दिवशी आम्ही बाहेर पडलो. तेव्हा टिंगसारख्या कंपन्या नव्याने आल्या होत्या. स्वतःचे टॉवर नाहीत, स्प्रिंट या मोठ्या कंपनीचं नेटवर्क भाड्याने घ्यायचं, आणि फोनमागे ६ डॉलर अधिक मिनिटं, मेसेज, डेटा जसा वापराल तसं बिल. त्यातल्याच एकीत गेलो. नाव घेत नाही, उगाच जाहिरात वाटेल. फोन वापरलेला घेतला, रोख. भाऊजींनी तो दोन बोटांत धरून, मेलेलं झुरळ उचलावं तसा, परत दिला.

त्या नेटवर्कवर नुसतं सिम घालून भागायचं नाही, फोनचा एमईआयडी, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख नंबर, नोंदवावा लागे. तो बॅटरीखाली, मुंगीएवढ्या अक्षरांत. सासूबाई भिंग घेऊन वाचतायत, मी टाइप करतेय, आणि भाऊजी सोफ्यावर चहा पीत मजा बघतायत. तीनदा नंबर नाकारला गेला. “फसवलं वाटतं तुला,” भाऊजी. चौथ्यांदा सासूबाई म्हणाल्या, “अगं, हा आठ नसून बी असेल का?” बीच होता. त्या नंबरात ए ते एफ अक्षरंही येतात हे मला तरी कुठे ठाऊक! पाच मिनिटांत फोन सुरू झाला. पण भाऊजी आजही गोष्ट ‘तीनदा नाकारला’ इथेच संपवतात.

तर, तुम्ही जा. आधी मागच्या तीन महिन्यांत मोबाईल डेटा किती लागला ते बघा. गूगलच्या ‘फाय’ या मोबाईल सेवेच्या फ्लेक्सिबल प्लॅनमध्ये डेटाच्या जीबीला १० डॉलर पडतात. महिन्याला एक-दोन जीबी असेल तर फायदा, त्यापुढे स्वस्तातलं ठरावीक प्रीपेड बरं. जुनी लाइन आधी बंद करू नका, नंबर जाईल. नवीकडे पोर्ट करा, जुनी आपोआप बंद होते.

फोन अनलॉक केलेलाच, म्हणजे एकाच कंपनीला न बांधलेला, घ्या. आता ती १९९ वाली सबसिडी गेली आणि तिच्या जागी २४ ते ३६ महिन्यांचं ‘बिल क्रेडिट’ आलंय, म्हणजे फोनचा हप्ता लावायचा आणि दर महिन्याला बिलातून तेवढी सूट द्यायची. मध्येच सोडलंत की उरलेलं क्रेडिट बुडालं. भाऊजींचे सध्या अकरा हप्ते झालेत, आणि फोन ‘फुकट मिळाला’ असं ते परवाच्या जेवणात चारदा म्हणाले.

हां, एक राहिलंच. गर्दीत, म्हणजे मॅच किंवा विमानतळावर, मूळ कंपनीच्या ग्राहकांना आधी वाट मिळते, आपला डेटा बऱ्याचदा रांगेत मागे असतो. आणि घरात गाडीत बसून व्हिडिओ बघणारं पोर असेल, तर माझं वरचं सगळं विसरा आणि अनलिमिटेडच ठेवा. हे भाऊजींना सांगू नका.