मिरची पावडरचा अहवाल आणि हातातले अकरा दिवस

प्रश्न: माझा नोंदणीकृत मसाला गृहउद्योग आहे. अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांनी मिरची पावडरचा नमुना नेला. जाळल्यावर उरणारी राख ८.६ टक्के भरली म्हणून 'कमी दर्जाची' असा अहवाल १९ दिवसांपूर्वी मिळाला. 'वरून सूचना आहे, पाकिटावर आणखी मजकूर छापा,' असंही ते तोंडी सांगून गेले. कायदा संसद करते, दंड कोर्ट करतं. मग ऑफिसातला माणूस दोन्ही कसं करतो?

उत्तर: ताई, आधी तारीख बघा. अहवालाविरुद्ध पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे (तुमच्या भागातल्या अन्न सुरक्षेची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्याकडे) अपील करता येतं (अन्न सुरक्षा कायदा २००६, कलम ४६(४)); नियमांप्रमाणे त्याला ३० दिवस मिळतात. तुमचे ११ उरलेत. नमुना रेफरल, म्हणजे फेरतपासणीच्या, प्रयोगशाळेकडे पाठवावा अशी मागणी करा; नमुन्याचे चार भाग करतात ते अशाच फेरतपासणीसाठी. पाठवायचं की नाही हे पदनिर्देशित अधिकारीच ठरवतात, म्हणून कारणं नेमकी लिहा. त्याच बॅचचा मान्यताप्राप्त लॅबचा रिपोर्ट असेल तर जोडा. मुदत उलटल्यावर कागद घेऊन आलेल्या माणसासाठी फारसं काही करता येत नाही, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

आता मूळ शंका. राखेची ८ टक्क्यांची मर्यादा साहेबांच्या मनातली नाही, ती २०११ च्या विनियमांत (कायद्याखालच्या तपशीलवार नियमांत) आहे. विनियम करायचा अधिकार २००६ च्या कायद्यानेच एफएसएसएआयला (भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाला) दिला: मसुदा आधी प्रसिद्ध करायचा, केंद्राची मंजुरी घ्यायची, नंतर संसदेपुढे ठेवायचा. इथे भांडण्यात पैसे घालवू नका. आणि नमुना नेणारे अधिकारी दंड करू शकत नाहीत. ते काम न्यायनिर्णय अधिकाऱ्याचं, तेही तुमचं म्हणणं ऐकून. कमाल दंड ५ लाख. पण नफा किती झाला, चूक वारंवार होते का, नकळत झाली का, हे कलम ४९ प्रमाणे त्यांना बघावंच लागतं. पहिलीच वेळ असेल तर तसं लेखी मांडा. आदेश पटला नाही तर पुढे अपील न्यायाधिकरण आहे.

पाकिटावरच्या मजकुराची गोष्ट वेगळी. एफएसएसएआयने नुसत्या सूचनापत्रांवर 'प्रॉडक्ट अप्रूव्हल' (उत्पादनाला आधी मंजुरी घेणं) सक्तीचं केलं होतं. विनियमांची रीत पाळलेली नाही, म्हणून त्या सूचनापत्रांना कायद्याचं बळ नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं. ऑगस्ट २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम ठेवलं. तरी सूचना झटकून टाकू नका, काही निर्देश कायद्याच्याच कलम १६(५) खालीही निघतात. कोणत्या विनियमाच्या किंवा आदेशाच्या आधारे हा मजकूर हवा, असा साधा अर्ज कार्यालयात द्या आणि पोच घ्या. लेखी उत्तर येईपर्यंत नवी पाकिटं छापायला टाकू नका.