हार्मोनियम वाजवता येते. चर्चमध्ये सेवेला सुरुवात कशी करू?
पाळकांना भेटा, पण नेमकं सांगा: "महिन्यातले दोन रविवार वाजवेन." झेपेल तेवढंच कबूल करा. गुरुवारपर्यंत गीतं आणि संदेशाचा (प्रवचनाचा) बायबलमधला शास्त्रभाग मागून घ्या.

खरी गडबड पट्टीत, म्हणजे गाणं कुठल्या सुरावर धरायचं त्यात होते. वादक स्वतःच्या गळ्याला सोयीची पट्टी धरतो आणि अंतरा वर चढला की मंडळी गप्प. म्हणून अंतऱ्यातला सर्वांत उंच स्वर आधी तपासा. साध्या गळ्यालाही तो न ओरडता लागला पाहिजे. पहिली ओळ गाण्याच्याच लयीत पूर्ण वाजवा, म्हणजे लोक एकदम उठाव घेतात. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांच्या भजनांत मधल्या ताना नकोतच (हौस घरी भागवा), शब्द झाकले जातात.

बायबलमधलं १ पेत्र ४:१० हे वचन कृपादान (देवाने दिलेली देणगी) मिळालेल्याला कारभारी म्हणतं, मालक नव्हे. तेव्हा एखाद्या शिकाऊ मुलाला शेजारी बसवा आणि सोपं गीत त्याच्याकडे सोपवा.