हातात कागद असेल तर ते ‘कथाकथन’ कसे?

गोव्यातल्या फोंड्याहून आलेला प्रश्न असा: तिथली एक हौशी नाट्यमंडळी राजीव गांधी कला मंदिरात एक संध्याकाळ करते आहे. नव्या लेखकांच्या लघुकथा, त्या वाचणारे नट, नेपथ्य जवळजवळ नाही आणि प्रत्येकाच्या हातात संहिता. पत्रिकेवर काय छापायचे यावरून तालमीत तट पडले आहेत. तरुण म्हणतात ‘अभिवाचन’. काही जण म्हणतात ‘कथाकथन’च लिहा, लोकांना कळते. मंडळातल्या ज्येष्ठांचे म्हणणे असे, की ‘अभिवाचन’ हा शब्दच बनावट आहे, ‘अभिनय’ची शेपटी छाटून ‘वाचन’ला चिकटवलेला, साधे ‘कथावाचन’ लिहावे.

माझे मत ‘अभिवाचन’च्या बाजूने आहे. पण ज्येष्ठांच्या शंकेला आधी नीट उत्तर द्यायला हवे, कारण ती अगदीच वावगी नाही.

‘अभि’ हा उपसर्ग आहे, कशाचा तुकडा नव्हे. अर्थ ‘कडे’, ‘समोर’. अभिमुख, अभिवादन, अभिषेक यांत तोच आहे आणि खुद्द ‘अभिनय’मध्येही तोच. नाट्यशास्त्राच्या आठव्या अध्यायात भरताने ‘अभिनय’ची फोड केली आहे ती अशीच: ‘अभि’ म्हणजे समोर आणि ‘नी’ म्हणजे नेणे, नाटकाचा अर्थ प्रेक्षकासमोर नेतो तो अभिनय. त्याच साच्यात समोरच्याला उद्देशून केलेले वाचन ते अभिवाचन. या अर्थाने शब्द अलीकडचा आहे हे कबूल, पण त्याची घडण व्याकरणाला धरून आहे. तो रुळवणाऱ्यांच्या कानात ‘अभिनय’ घुमत नव्हता असे मात्र मी म्हणणार नाही. घुमत असेल तर बरेच झाले.

आता ‘वाचन’. हा शब्द मुळातच बोलका आहे. संस्कृतात ‘वच्’ म्हणजे बोलणे आणि ‘वाचय’ हे त्याचे प्रयोजक रूप, म्हणजे बोलायला लावणे. लग्नामुंजीतले पुण्याहवाचन आठवा. तिथे कोणी पोथी वाचत बसत नाही. यजमान ब्राह्मणांना ‘पुण्याहं भवन्तो ब्रुवन्तु’ अशी विनंती करतो आणि ते ‘पुण्याहम्’ म्हणतात. त्यांच्याकडून वदवून घेणे, हे ते वाचन. संस्कृत नाटकांत पत्र वाचणाऱ्या पात्राला ‘वाचयति’ अशी सूचना असते: त्याने पत्राला बोलते केले. मनातल्या मनात वाचायची सवय पुढे इतकी अंगवळणी पडली, की शाळेत ‘प्रकट वाचन’ असे वेगळे सांगावे लागू लागले. अस्सल बोलीतला प्रयोग अर्थातच ‘वाचून दाखवणे’. गाऊन दाखवणे, करून दाखवणे, तसेच वाचून दाखवणे. त्यात समोर कोणीतरी आहे हे गृहीतच असते. ‘अभि’ करतो ते काम मराठी ‘दाखवणे’ने केव्हाच केले होते. पण ‘कथा वाचून दाखवण्याचा कार्यक्रम’ पत्रिकेवर कोण छापणार?

मग ‘कथावाचन’ का नको? गोव्यात ‘कथेला या’ म्हटले की लोक सत्यनारायणाला येतात आणि प्रसादाच्या शिऱ्याची अपेक्षा धरतात. हिंदीत तर ‘कथावाचक’ म्हणजे सरळ प्रवचनकार. नाट्यगृहाच्या पत्रिकेवर तो शब्द चुकीचे लोक बोलावेल, आणि बरोबरचे घरी बसतील.

खरी गफलत ‘कथाकथन’ने होते. तो शब्द आपल्याकडे एका विशिष्ट प्रकाराने कमावलेला आहे. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर या तिघांनी गावोगाव कथाकथन केले, व. पु. काळ्यांच्या कथाकथनाच्या कॅसेटी घरोघरी वाजल्या. सांगणारा स्वतः लेखक, कथा त्याची. समोर हशा पिकला की तो एक वाक्य लांबवतो, सभागृह थंड दिसले की परिच्छेद गाळतो. त्याला कोण जाब विचारणार? नटाला ही मुभा नाही. कथा दुसऱ्याची आहे आणि ती लिहिली तशी पोचवायची असा अलिखित करार आहे. हातातला कागद तो करार दाखवतो. कागद पाठ असला तरी तो हातात धरावा असे मला वाटते, ते यासाठीच.

फरक ओळखायची एक सोपी खूण आहे: ‘म्हणाला’ आणि ‘विचारलं’ या शब्दांचे काय होते ते पाहा. नाट्यवाचनात ते नसतातच, पात्राचे नाव संहितेत बाजूला लिहिलेले असते आणि कोणी वाचत नाही. आकाशवाणीच्या श्रुतिकेतही नसतात. कथाकथनात सांगणारा आवाज बदलतो आणि ‘म्हणाला’ गिळून टाकतो. अभिवाचनात ते राहतात. नट वाचतो:

‘जेवलास?’ तिने विचारलं. त्याने मान हलवली. हो की नाही, ते तिला कळलं नाही.

हौशी नटाचा पहिला मोह काय असतो? ‘त्याने मान हलवली’ म्हणताना स्वतःची मान हलवणे. हलवली की कथा मेली. कारण मान उभी हलली तर हो आणि आडवी हलली तर नाही; प्रेक्षकांना कळून चुकते आणि पुढचे वाक्य खोटे पडते. लेखकाने जे झाकले ते नटाने उघडे केले. इथे शरीर आवरायचे आणि सगळे काम आवाजावर टाकायचे. भरताच्या चार अभिनयांपैकी आंगिक (अंगाचा) आणि आहार्य (वेशभूषेचा, नेपथ्याचा) इथे मागे सरतात, वाचिक (वाणीचा) पुढे येतो. वाचिकासाठी त्याने ‘काकु’चे, म्हणजे बोलण्यातल्या सुराचे, दोन प्रकारही सांगून ठेवले आहेत, साकांक्ष आणि निराकांक्ष: पुढे काहीतरी यायचे आहे असा सूर, आणि बोलणे पुरे झाले असा सूर. ‘मान हलवली’ साकांक्ष ठेवली की पुढचे वाक्य ऐकायला सभागृह पुढे झुकते. निराकांक्ष केली तर शेवटचे वाक्य शेपटासारखे मागे लोंबते.

हा प्रकार इतर भाषांतही जोरात आहे. न्यूयॉर्कच्या सिम्फनी स्पेस नाट्यगृहात १९८५ पासून ‘सिलेक्टेड शॉर्ट्स’ चालते: रंगभूमीवरचे आणि पडद्यावरचे नट प्रेक्षकांसमोर लघुकथा वाचतात आणि ते वाचन पुढे रेडिओवरूनही ऐकवले जाते. तिथेही वाचणारा लेखक नसून नट असतो.

पण ‘हे तिकडून आले’ असे कोणी म्हणाले तर त्याला गोव्यातल्याच राशोलला न्यावे. फादर थॉमस स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली तिथे छापले गेले, मराठी ओव्यांत पण रोमन लिपीत, आणि ते चर्चमध्ये जमलेल्या लोकांपुढे वाचले जाई. रचना एकाची, वाचणारा दुसरा, समोर ऐकणारे. गोव्यातल्या देवळांतले पुराण वेगळे. तिथला पुराणिक ओवी वाचतो आणि मग तिच्यावर पदरचे बोलतो. म्हणून आपण ‘पुराण सांगतो’ म्हणतो. त्या वांग्यांची म्हण उगाच नाही आली.

फोंड्याच्या मंडळींना एक जादा सूचना, विचारली नसली तरी. गोव्यातल्या मराठी कथेत निवेदन मराठीत आणि संवाद कोंकणीत असे पुष्कळदा असते. ‘खंय वता रे?’ आले की नट नकळत विनोदी होतो, जणू कोंकणी बोलणारा प्रत्येक जण हसवायलाच जन्मला. त्या पात्राची ती घरची भाषा आहे. घरी बोलता तशी वाचा.

राहिले व्याकरण. ‘अभिवाचली’ असे क्रियापद करू नका, कानाला टोचते. ‘कथेचे अभिवाचन केले’ ठीक, ‘कथा वाचली’ त्याहून ठीक. नटाला ‘वाचक’ म्हणता येत नाही, कारण वाचक म्हणजे घरी पुस्तक घेऊन बसलेला माणूस. ‘अभिवाचक’ जरा जड आहे, पण चालवून घ्यावा. समोरच्यांना ‘श्रोते’ म्हणावे की ‘प्रेक्षक’, यावर वाद घालू नका. ‘रसिक’ लिहून मोकळे व्हा. पत्रिकेत प्रत्येक कथेपुढे आधी लेखकाचे नाव आणि मग ‘अभिवाचन:’ लिहून नटाचे नाव द्या. दोन्ही एकाच टायपात. आणि छापखान्यातून आलेले प्रूफ एकदा डोळ्याखाली घाला. ‘च’चा ‘द’ झाला तर कथांचे अभिवादन होईल, आणि ज्येष्ठांना बोलायला निमित्त मिळेल.