झाडोरा काढायला जेसीबी बोलवू नका

प्रश्न (खानापूर तालुका, जि. बेळगाव, जांबोटी भाग): दोन एकर माळ सात-आठ वर्षं पडून आहे, झाडोरा वाढलाय. रोपंवाला म्हणतो जेसीबी घालून साफ करा, एकरी हजार महोगनी लावा. तसं करू, का साग लावू, का रान तसंच ठेवू?

उत्तर: जेसीबी घालू नका, हे पहिलं. आपल्याकडच्या पावसात लाल माती उघडी पडली की वरचा थर ओढ्याला जातो आणि खाली राहतो जांभा, मग त्यात महोगनी काय नि साग काय, अशी रानं मी ढीगभर बघितलीत. तुमचा झाडोरा म्हणजे कचरा नव्हे, ऐन, किंजळ, जांभूळ जुन्या बुंध्यातनं फुटलेत, मुळं आधीच खोल गेलीत. 2021 साली अमेरिका खंड आणि पश्चिम आफ्रिकेतल्या 77 ठिकाणांचा अभ्यास आला, त्यात आपोआप वाढलेल्या रानाची माती 10 वर्षांच्या आत जुन्या जंगलाच्या जवळपास आलेली दिसली. पण नुसतं रान राखून घर चालत नाही, तेही खरंच.

आता एकरी हजार म्हणजे 2 बाय 2 मीटर. रोपंवाल्याला रोपं खपवायचीत, लाकूड तुम्हाला विकायचंय. एवढ्या दाटीत वेळेवर विरळणी नाही केली तर नुसत्या काठ्या वाढतात आणि व्यापारी पैसे देतो घेराचे. "लाकूड आम्हीच घेऊ" असल्या कागदावर सही करू नका. आणि युरिया! मोठ्या फळत्या काजूला वर्षाला साधारण 1 किलो 100 ग्रॅम लागतो, हे लोक वीतभर रोपाला मूठ मूठ टाकायला सांगतात, मुळं जळतात, रोप मेलं की परत त्यांच्याचकडनं घ्यायचं. ऐकू नका.

माझं सांगणं मिश्र लागवडीचं. सरळ वाढलेली झाडं राखा, त्यावर मिरी चढवा. मोकळं ऊन असेल तिथंच काजूची कलमं, वेंगुर्ला 4 नाहीतर वेंगुर्ला 7 या जातीची, दोन झाडांत 8 बाय 8 मीटर अंतर ठेवून, सावलीत काजू धरत नाही. साग लावायचाच तर बांधाला, सोबत फणस, सिल्व्हर ओक. जूनचा पाऊस लागला की सुरू करा, जुलैच्या मध्यापर्यंत संपवा. ऑगस्टअखेर टेम्पो रोपं घेऊन दारात आला तर परत पाठवा, फुकट दिली तरी घेऊ नका, मुळं धरायच्या आत पाऊस जातो.

कर्नाटक सरकारच्या कृषी अरण्य प्रोत्साह योजनेत फॉरेस्टच्या नर्सरीतनं स्वस्तात रोपं मिळतात, जगलेल्या रोपामागे तीन वर्षांत 35, 40, 50 रुपये. आरटीसी (जमिनीचा उतारा) घेऊन फॉरेस्टच्या रेंज ऑफिसला जा, काजूकलमांचं हॉर्टिकल्चर खात्याला विचारा.

जेसीबीवाल्याला ॲडव्हान्स दिला असेल तर आजच फोन करून येऊ नको म्हणून सांगा.