आधी मॅथ्स की आधी फिजिक्स?

हा प्रश्न घेऊन माझ्याकडे इतके जण येतात, नागपुरातल्या धरमपेठेतली कॉलेजची पोरं, मिहानमध्ये नोकरी करणारे, तिशीत पुन्हा सायन्सकडे वळावंसं वाटणारे, की म्हटलं आता लिहूनच टाकू.

असाच एक मुलगा आला (ओळख कळू नये म्हणून तपशील बदललेत). बीकॉम, बँकेत नोकरी, आणि रिलेटिव्हिटी समजून घ्यायची मनापासून इच्छा. मोबाईलमध्ये एक्सेल शीट, आधी सगळं कॅल्क्युलस, मग लिनिअर अल्जेब्रा, मग टेलर सिरीज (साइनसारखं फंक्शन साध्या घातांच्या बेरजेत मांडायची पद्धत) वगैरे, आणि फिजिक्स पार खाली. शीट सारखी बदलायची, गणित एकही सोडवलेलं नाही.

"मॅडम, पाया पक्का झाल्याशिवाय पुढे कसा जाऊ, समजूनच नाही राहिलं."

"पक्का झाला हे ठरवणार कोण?"

गप्प बसला.

अशा वेळी मी शीटवर बोलतच नाही, 'मला आधी सगळं आलंच पाहिजे' या हट्टावर बोलते. माणूस आधी करतो, धीर मागून येतो, हे मी वर्षानुवर्षं बघतेय. त्याला म्हटलं, घरी एक मीटर दोऱ्याला कुलूप टांग आणि दहा झोक्यांना (जाऊन-येऊन एक) किती वेळ लागतो ते मोज.

पुढच्या वेळी बोलतच आत आला. "मॅडम, वीस सेकंद! मग नुसती किल्ली टांगली तरी तेवढेच, वजनाचा फरकच पडून नाही राहिला!" न्यूटनचा नियम लावून समीकरणही मांडून आणलेलं, वस्तुमान दोन्हीकडून कटलं आणि गडी साइनपाशी अडला, कारण पुस्तकात साइन थीटाच्या (थीटा म्हणजे झोक्याचा कोन) जागी सरळ थीटाच. मी कॅल्क्युलेटर पुढे केला. दहा अंश म्हणजे ०.१७४५ रेडियन, त्याचा साइन ०.१७३६. बराच वेळ आकडे बघत बसला, मग स्वतःच शीट उघडली, "ती टेलर सिरीज याच्यासाठीच का?"

हे मी सांगितलं नव्हतं. पुढचं गणित कोणतं ते त्याला फिजिक्सनंच सांगितलं, आणि असं वाक्य ऐकलं की कामाचं सार्थक वाटतं.

तर अल्जेब्रा, ट्रिग्नॉमेट्री आणि थोडं डिफरेन्शिएशन झालं की लगेच मेकॅनिक्स सुरू करा, इंटिग्रेशन आणि व्हेक्टर त्याच्याच सोबतीनं. मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस इलेक्ट्रोमॅग्नेटिझमच्या वेळी, लिनिअर अल्जेब्रा आणि कॉम्प्लेक्स नंबर क्वांटमच्या आधी. आइनस्टाइननंसुद्धा वक्र अवकाशाची भूमिती जनरल रिलेटिव्हिटीसाठी गरज पडल्यावर, १९१२ मध्ये, ग्रॉसमन या मित्राच्या मदतीनं शिकायला घेतली, स्पेशल रिलेटिव्हिटी तर १९०५ लाच झाली होती.

फक्त सूत्रातली राशी इकडची तिकडे नेतानाच अडत असाल, तर आधी दहावीचं बीजगणित काढा, तिथे घाई नको.