टॉरेंट साइट्सवर एवढी कारवाई होऊनही त्या संपत का नाहीत? आणि नुसती साइट उघडली तरी जेल होते का?

कोर्टाच्या हाताला साइट लागते, सिनेमाची फाइल लागत नाही, ती लोकांच्याच कॉम्प्युटरवर असते, म्हणून संपत नाहीत.

नॅपस्टर या गाणी आपापसात वाटायच्या सेवेचं बघा, 1999 ला चालू झालं, गाणी लोकांच्याच कॉम्प्युटरवर होती पण कुणाकडे कोणतं गाणं आहे ती यादी मात्र नॅपस्टरच्या सर्व्हरवर, त्यामुळे 2001 मध्ये अमेरिकेतल्या कोर्टाचा निकाल विरोधात गेल्यावर जुलैमध्ये ती यादी बंद झाली आणि सगळा खेळच आटोपला. नंतर आलेल्यांनी यातून बरोबर धडा घेतला. टॉरेंट साइटवर सिनेमा नसतोच, तो कुणाकडून मिळेल एवढंच तिथे कळतं.

पायरेट बे या टॉरेंट साइटची केस नीट वाचण्यासारखी आहे. 31 मे 2006 ला स्वीडनच्या पोलिसांनी स्टॉकहोममध्ये धाड टाकून सर्व्हर उचलून नेले, तीन दिवसांत साइट परत चालू. 17 एप्रिल 2009 ला साइटशी संबंधित चौघांना एकेक वर्ष कैद आणि सगळ्यांनी मिळून 3 कोटी स्वीडिश क्रोनर भरपाई, पुढे अपिलात तिघांची कैद कमी झाली पण भरपाई वाढून 4 कोटी 60 लाख झाली. फेब्रुवारी 2012 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने केस ऐकायलाच नकार दिला, आणि त्याच महिन्यात साइटने टॉरेंट फाइली (सिनेमा कुणाकडून मिळेल ते सांगणाऱ्या छोट्या फाइली) काढून मॅग्नेट लिंक ठेवल्या. मॅग्नेट लिंक म्हणजे फाइलची ओळख सांगणारी एक ओळ, बाकी शोधाशोध युजर्सचे कॉम्प्युटर आपापसात करतात. एकाने तेव्हा सगळ्या लिंक एकत्र केल्या तर जेमतेम 90 एमबी भरल्या!! आता एवढीशी गोष्ट कोण कुठे कुठे जप्त करणार? माणसं जेलमध्ये गेली, साइट राहिली.

आपल्याकडे साइट ब्लॉक करायच्या ऑर्डर निघतात. सिनेमा बनवणाऱ्याचं नुकसान खरंच होतं, ते कुणी हलक्यात घेऊ नये, पण 2012 मध्ये मद्रास हायकोर्टाच्या ऑर्डरवरून इंटरनेट कंपन्यांनी व्हिमिओ ही साधी व्हिडिओ साइटसुद्धा ब्लॉक केली, शेवटी जूनमध्ये कोर्टाला सांगावं लागलं की ठराविक लिंकच ब्लॉक करा, अख्ख्या साइट नाही. असली सरसकट बंदी मला अजिबात पटत नाही, त्यात ज्यांचा काही संबंध नाही तेच भरडले जातात.

आता जेलचं. 2016 मध्ये ब्लॉक केलेल्या पानांवर नोटीस यायची की नुसतं बघणंही गुन्हा आहे, तीन वर्षं कैद होऊ शकते, आणि व्हॉट्सअॅपवर नुसती घबराट. त्याच वर्षी मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी स्पष्ट केलं की नुसतं बघणं हा गुन्हा नाही, परवानगीशिवाय वाटणं, जाहीरपणे दाखवणं, विकायला किंवा भाड्याने देणं हा गुन्हा आहे.

पण म्हणून बिनधास्त होऊ नका. टॉरेंटवर फाइल डाउनलोड होत असतानाच तिचे आलेले तुकडे तुमच्या मशीनवरून दुसऱ्यांना जात असतात, म्हणजे तुम्ही फक्त बघणारे राहत नाही, वाटणारेही होता, आणि तेव्हा तुमचा आयपी अॅड्रेस, म्हणजे तुमच्या कनेक्शनचा इंटरनेटवरचा पत्ता, त्या फाइलवर असलेल्या प्रत्येकाला दिसतो.